सहाबारीला घातलेली कडी

लोक मला अजून विचारतात, "इमामचाचा, तुमच्या हातच्या बंदुकीनं किती माणसं मेली?" मला माहीत नाही. जे मेले असतील ते काही सांगायला आले नाहीत. पण मनगट सुजवून, कपाळ फोडून, अंगठा खरचटून घेऊन किती जण माझ्या दुकानात परत आले, ते मात्र मला चांगलं आठवतं. माझा धंदा माणसं मारण्याचा नव्हताच. हत्यार धरणाऱ्याच्या ताब्यात राहावं, उलट त्याच्यावरच उठू नये, एवढं बघण्याचा होता. या कामात त्या काळी वऱ्हाडात माझ्या तोडीचा माणूस नव्हता. हे मीच सांगतोय, कारण सांगू शकतील असे बाकीचे सगळे मातीखाली गेले.

आम्ही शिकलगार. माझे वडील अचलपूरच्या छावणीत तलवारींना धार लावत आणि तोड्याच्या बंदुका दुरुस्त करत. पुढे सरकारनं गावोगावची हत्यारं गोळा केली, तलवारी गेल्या, आणि वडिलांच्या हाती विळे, अडकित्ते उरले. त्याचं दुःख त्यांनी शेवटपर्यंत केलं. मी मात्र भाता आणि ऐरण बैलगाडीत घालून अमरावतीला आलो आणि खोलापुरी गेटाच्या आत दुकान मांडलं. पुढे दुकान आणि मागे घर, मध्ये एक पडवी.

माझं नशीब असं की तेवढ्यात तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली. तिथला कापूस विलायतेला जाईना, आणि आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला एकदम सोन्याचे दिवस आले. त्या चार-पाच वर्षांत माणसं कशी वागली ते आज सांगितलं तर तुम्हाला थाप वाटेल. एका गृहस्थानं गाडीच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीच्या धावा चढवल्याचं मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. पहिल्याच दगडावर त्या दुमडल्या आणि भर बाजारात गाडी आडवी झाली. लोक हसले, पण हसणाऱ्यांतही अर्धे मनातून तसंच काही करायला निघालेले होते.

दर्यापूर, बार्शीटाकळीकडून कापसाच्या गाड्या रांगेनं अमरावती-अकोल्याला येत. येताना कापूस आणि जाताना पैसा, हे चोरांनाही ठाऊक झालं. मग ज्याला सरकारी परवाना मिळे तो मुंबईहून सहाबारी आणवी. आज तिला रिव्हॉल्वर म्हणतात. तेव्हा तिच्यात काडतूस नसे. चक्राला सहा भोकं. प्रत्येक भोकात दारू घालायची, गोळी ठासायची, मागे ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी बसवायची. गोळीवर वरून लावायला साहेबलोक चरबी सांगत. चरबीचं नाव काढलं की आमच्याकडे हिंदूही उठून जाई आणि मुसलमानही, त्यामुळे मी मेण आणि तिळाचं तेल कालवून एक मलम केलं होतं. ते मलम दोघांनाही चाले.

आता धक्क्याची गोष्ट. गोळी पुढे जाते तेव्हा बंदूक मागे येते, हे सगळ्यांना कळतं. खांद्याला लावायची बंदूक असेल तर खांदा तो धक्का झेलतो. सहाबारीला खांदा नाही, तिला एकटं मनगट. त्यात नळी असते मुठीच्या वर. त्यामुळे ती नुसती मागे येत नाही, तिचं तोंड वर उडतं, बिचकलेल्या घोड्यानं मान उडवावी तसं. पहिली गोळी सुटून जाते. दुसरी मारायची तर ते तोंड परत खाली आणून नेम धरायला हवा. चोर काही तोवर थांबत नाही. म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगे की पहिली गोळी कोणीही मारील, हत्यार कुणाच्या ताब्यात आहे हे दुसरी गोळी सांगते.

हे शहाणपण मला आईच्या पोटातून आलं नव्हतं. सुरुवातीची दोन वर्षं मी नेमका उलटा धंदा केला, आणि तोही मोठ्या ऐटीत.

विलायती सहाबारी लांब नळीची असे, घोड्यावरच्या शिपायासाठी केलेली. ती आमच्या व्यापाऱ्यांच्या कमरेला खुपे. अकोल्याचे एक अडते होते, मोतीशेठ. कापसाची खरेदी-विक्री करून देण्याचा त्यांचा धंदा. ते आले आणि म्हणाले, गादीवर बसलं की ही पोटात टोचते, उपरण्याखाली लपत नाही, निम्मी काप. शिवाय मूठ चांदीनं मढवून दे. मी निम्मी कापली. कापलेलं तोंड असं घासून दिलं की विलायतेच्या कारागिरालाही सांधा सापडू नये. मुठीला चांदी चढवली, वेलबुट्टी काढली. शेठ खूष झाले. महिन्याभरानं त्यांनी आपल्या वखारीत ती चालवून पाहिली तेव्हा पहिली गोळी समोरच्या पोत्यात गेली आणि दुसरी छतात. कौलाचा चुरा डोक्यावर घेऊन शेठ म्हणाले की दारू खराब होती. मीही मान डोलावली, दारू खराबच असणार.

पुढची नळी गेली, मागे मुठीत चांदीचं वजन आलं. ती बंदूक वर उडणार नाही तर काय करणार? शिवाय नळी आखूड झाली की सगळी दारू आत जळत नाही, उरलेली तोंडाशी भडकते. जाळ मोठा, आवाज मोठा, आणि नेम धरायच्या मागच्या खाचेपासून नळीच्या टोकावरच्या माशीपर्यंतचं अंतर कमी झाल्यानं नेमातली बारीक चूक निशाणापाशी हातभर होते. हे सगळं आज मी पोपटासारखं सांगतो. तेव्हा मात्र अमरावतीत 'इमामकडून कापून आणली' म्हणणं हीच शोभा होती, आणि मी कापत सुटलो होतो.

अशा दिवसांत एका सकाळी दुकानापुढे बैलांची दमणी थांबली आणि तिच्यातून भागाबाई पाटलीण उतरली. दर्यापूरकडच्या एका खेड्यातली, तिशीची, सडपातळ बाई. नवरा आदल्या वर्षी पटकीनं गेला होता. तिनं फडक्यात गुंडाळलेली सहाबारी माझ्यापुढे ठेवली आणि आपली अडचण सांगितली.

नवऱ्याचा परवाना त्याच्याबरोबर संपला होता. आता धाकट्या दिरानं, जानरावानं, तो आपल्या नावे मागितला होता. बाईनंही अर्ज केला होता. कचेरीतल्या साहेबाला गंमत वाटली असावी. त्यानं हुकूम दिला की दोघांनीही साहेबासमोर बंदूक चालवून दाखवावी, जिच्या नाहीतर ज्याच्या ताब्यात ती राहील त्याला परवाना. वरवर हा एका बंदुकीचा प्रश्न होता. पण त्या काळी हत्याराशिवाय गाडीवान कापूस घेऊन निघत नसत. हत्यार ज्याच्याकडे तोच गाड्यांबरोबर जाणार, आणि जो जाणार तोच बाजारात भाव ठरवणार. जानरावाचं मोतीशेठशी फार मेतकूट होतं आणि शेठ म्हणतील त्या भावाला तो मान हलवी, हे बाईनं नवऱ्याच्या हयातीतच पाहिलं होतं. परवाना दिराकडे गेला असता तर तिच्या शेतात तिनं फक्त वेचणीला जायचं उरलं असतं. तिला एक लहान मुलगी होती.

मी बंदूक पाहिली, मग तिचं मनगट पाहिलं. बांगडी घातलेली नव्हती त्यामुळे ते आणखीच बारीक दिसत होतं. मी म्हणालो, बाई, एवढी जड नळी तुमच्यानं पेलणार नाही, कापून हलकी करून देतो. तिनं विचारलं की एकदा कापली की परत जोडता येते का. मी हसलो. म्हणालो, परत जोडायची वेळच येणार नाही, इमामचं काम आहे हे.

आणि मी कापली.

आठ दिवसांनी ती परत आली तेव्हा तिच्या उजव्या भुवईवर हळदीचा लेप होता. आपल्या शेताच्या बांधावर तिनं बंदूक चालवली होती. तिसऱ्या गोळीला तोंड असं उडालं की टोपीवर आपटणाऱ्या घोड्याचा काटा कपाळात शिरला. साहेबापुढे जायला पाच दिवस उरले होते. मला वाटलं आता शिव्या बसणार, म्हणून मी आधीच सुरू केलं, की बाईमाणसाचं मनगट नाजूक असतं, दारू थोडी कमी घालून पाहा, वगैरे.

तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. मागच्या पडवीत माझी बायको जुलेखा उखळात मिरच्या कुटत होती, आणि भागाबाई ते पाहत होती. ती उठली, सरळ आत गेली आणि जुलेखाच्या हातातलं मुसळ घेऊन तिनं दोन घाव घातले. मग तिनं मुसळ उलटं करून त्याचं टोक पाहिलं. मुसळाच्या टोकाला लोखंडाची कडी असते, तिला वसवी म्हणतात. आमच्या मुसळाची वसवी पावसाळ्यात निघून पडली होती. जुलेखा मला तेव्हापासून सांगत होती की बसवून द्या, तिच्याशिवाय मुसळ उखळात उडतं, मनगटं भरून येतात. शिकलगाराच्या घरी सगळ्या गावाचं लोखंड दुरुस्त होतं, घरचं तेवढं राहतं.

भागाबाई मुसळ हातात घेऊन बाहेर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"इमामभाई, हे मुसळ हलकं हाय म्हणून हातात नाचून राहिलं. पुढं लोखंड असतं त घाव घालून जाग्यावर राहिलं असतं. माया हात बारीक पाहून तू नळी कापली. तुया बंदुकीची वसवी तूच कापली ना."

आतून जुलेखा बोलली, आणि चांगली पाच मिनिटं बोलली. ते इथे सांगत नाही.

मला राग आला होता, हे कबूल करतो. सात पिढ्यांचा शिकलगार मी, आणि मिरच्या कुटण्याच्या लाकडावरून मला बंदूक शिकवतात! पण राग असला तरी हात खोटं बोलू देत नाहीत. मी आधी कापलेली सहाबारी धरली, मग गिऱ्हाइकाची एक न कापलेली धरली. डोळे मिटून दोन्ही झटक्यानं वर उडवून पाहिल्या. लांब नळीची जड वाटली, पण वर जायला तयार होईना. आखूड नळीची पाखरासारखी उडाली. जे मला दोन वर्षांत कळलं नव्हतं ते दोन उड्यांत कळलं. बारीक हाताला हलकं हत्यार द्यावं, हा मी आणि माझ्यासारख्या सगळ्यांनी करून घेतलेला समज होता. धक्का हाताचं मनगट बघून कमी होत नाही. तो लोखंडात जिरतो, आणि लोखंड मी कापून टाकलं होतं.

कापलेली नळी वाढत नाही. मग मी ठरवलं की तिच्या तोंडावर जाड कडी चढवायची. पहिला विचार आला तो चाकाला धाव चढवतात तसा: कडी लाल करायची, चढवायची, थंड झाली की आवळून बसते. पण चाक लाकडाचं असतं, आवळलं तर घट्ट होतं. नळी आवळली तर आतलं भोक दबतं, गोळी अडते आणि बंदूक हातात फुटते. म्हणून कडी थंडच, कानशीनं केसाकेसानं घासून बसवली आणि कथलाचा डाग दिला. माशी कडीच्या अगदी पुढच्या काठावर नेली, म्हणजे नेमाला जेवढं अंतर मिळेल तेवढं मिळावं.

आणि पहिल्या कडीनं माझी फजिती झाली. उत्साहात मी ती फार जड केली. बाईनं हात लांब करून बंदूक धरली. मी मोजू लागलो. वीसपर्यंत ठीक होतं, तीसला तोंड झुकायला लागलं, चाळीसला जमिनीकडे गेलं. इथे मला दुसरी गोष्ट कळली, जी आज बंदुका विकणाऱ्यांनाही नीट कळत नाही. जड नळी धक्का खाते, पण हातही खाते. लांब नळी नेमाला बरी, पण उपसायला आणि पेलायला वाईट. फुकट काहीच मिळत नाही. कुणाच्या हातासाठी, कशासाठी हवंय ते बघून कुठेतरी मध्ये थांबावं लागतं. ते कुठे थांबायचं याचं नाव कारागिरी.

मी बंदूक चापाच्या कमानीत दोरी बांधून आढ्याला टांगली. तोंड खाली गेलं की कडी घासायची, परत टांगायची. तोल चापाच्या दोन बोटं पुढे येईपर्यंत घासत राहिलो. मग बाईच्या हातात दिली. या वेळी पन्नास मोजले तरी तोंड हललं नाही. त्याच दुपारी जुलेखाच्या मुसळालाही वसवी बसवून दिली, कारण त्याशिवाय त्या घरात मला जेवण मिळण्याचं लक्षण नव्हतं.

उरलेले चार दिवस गावाबाहेरच्या नाल्यात सराव झाला. भागाबाई बहिणीकडे अमरावतीतच राहिली होती; तिचा म्हातारा गडी बरोबर असे. तिथे एक नवीनच अडचण दिसली. कपाळ फुटल्यापासून बाई चाप ओढायच्या आधीच डोळे मिटत होती आणि मनगट खाली दाबत होती. धक्का यायच्या आधीच ती धक्क्याशी भांडत होती. सांगून कुणाला पटत नाही, म्हणून मी एक युक्ती केली. तिला न दाखवता सहापैकी तीनच भोकं भरायचो, बाकीची रिकामी. ती चाप ओढी. नुसता 'टक' आवाज होई, गोळी नाही, धक्का नाही, तरी बंदुकीचं तोंड वीतभर खाली गेलेलं तिला स्वतःलाच दिसे. पहिल्यांदा दिसलं तेव्हा ती माझ्यावर चिडली. मग स्वतःवर चिडली. तिसऱ्या दिवशी रिकाम्या भोकावरही तोंड जागचं हललं नाही. ही युक्ती मात्र पूर्ण माझी, अस्सल माझी. पुढे पोलिसांतल्या जमादारांनाही मी ती शिकवली.

सोमवारी कचेरीमागच्या मैदानात आम्ही जमलो. साहेब खुर्चीवर बसला होता, बाजूला मुनशी कागद घेऊन. पंधरा पावलांवर रांगेनं पाच खांब, प्रत्येकावर एक मडकं, आणि चपराशी बाजूला आणखी मडकी मांडून बसलेला. प्रत्येकानं पाच गोळ्या, न थांबता. भागाबाई पदर खोचून एका बाजूला उभी होती. मुलगी बहिणीकडे ठेवून आली होती.

आधी जानराव आला. धिप्पाड माणूस, मनगट माझ्या पोटरीएवढं. त्यानं कमरेची सहाबारी उपसली आणि मी ती लांबूनच ओळखली. चांदीची मूठ, त्यावर माझी वेलबुट्टी. मोतीशेठनं आपली बंदूक त्याला खास या कामासाठी दिली होती. शेठ स्वतःही झाडाखाली उभे होते. माझीच दोन कामं समोरासमोर आली होती, आणि कुठलं हरावं हे मला तेवढ्या क्षणी ठरवता येईना.

जानरावाच्या पहिल्या गोळीनं मडकं फुटलं. लोक 'वा' म्हणाले. दुसरी गोळी मडक्याच्या वरून गेली. तिसरीनं मागच्या लिंबाचा फाटा पाडला. चौथी कुठे गेली ते कुणालाच कळलं नाही. चपराशी मात्र मडक्यांच्या मागे आडवा झाला होता. एवढा ताकदीचा माणूस, पण दर गोळीला त्याचा हात वर जायचा आणि तो घाईनं खाली ओढायचा. साहेबानं हात वर करून त्याला थांबवलं.

मग भागाबाई गेली. तिची पहिली गोळी चुकली. मडक्याखाली खांबाला लागली, ढलपी उडाली. जानराव मोठ्यानं हसला आणि मोतीशेठनं खिशातून तपकिरीची डबी काढली. पण मी मडक्याकडे पाहतच नव्हतो. मी बंदुकीच्या तोंडाकडे पाहत होतो. ते चार बोटं वर गेलं आणि आपोआप जागेवर आलं. बाईनं थोडं वर धरलं. दुसरी गोळी, मडकं फुटलं. तिसरी, फुटलं. चौथी मडक्याच्या कानाजवळून गेली. पाचवी, फुटलं. तिचे डोळे शेवटपर्यंत उघडे होते. आयुष्यात मी पुष्कळ चांगली कामं केली, पण त्या पाच गोळ्यांत जेवढा अभिमान वाटला तेवढा नंतर कधी वाटला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते धुराच्या नावावर खपवलं.

साहेबानं बंदूक मागितली. हातात तोलली, वर उडवून पाहिली, तोंडाची कडी बोटानं चाचपली. मग मुनशीकडे आणि आमच्या सगळ्यांकडे पाहून विचारलं, "ये किसका दिमाग है?"

भागाबाई माझ्यापासून दोन हातांवर उभी होती. मुनशीच्या पुढ्यात परवान्याचा कागद होता आणि त्यावर अजून नाव लिहिलेलं नव्हतं.

मी पुढे झालो आणि म्हणालो, "मेरा, हुजूर."

बाईनं माझ्याकडे पाहिलं. काही बोलली नाही. साहेबानं मान डोलावली, मुनशीला खूण केली, आणि मुनशीनं कागदावर तिचं नाव घातलं. जानराव निघून गेला. पुढल्या हंगामापासून भागाबाईच्या गाड्या अमरावतीच्या बाजारात तिच्याबरोबर येऊ लागल्या. भाव ती ठरवी. अकोल्याला मोतीशेठकडे ती पुन्हा गेली नाही. जानराव शेवटच्या गाडीवर बसून येई, आणि खरं सांगायचं तर पुढे दीर-भावजयीचं बरं चाललं.

माझं तर फारच बरं चाललं. मुनशीनं ती हकीगत गावभर केली. ज्यांच्या नळ्या मी कापल्या होत्या ते सगळे कडी बसवायला आले. पहिल्यांदा मोतीशेठच आले, आणि मुठीवरची चांदीही काढून घेऊन गेले. कडीला लोक 'इमामकडी' म्हणू लागले. बडनेऱ्याला रेल्वे आली तेव्हा नागपूर, भुसावळकडून माणसं ती विचारत येत. नवा माणूस आला की मी त्याचं मनगट पाही, हात लांब करून पन्नास मोजायला लावी, आणि मगच कानस उचली. नळी कापायला कुणी आलं तर मी सरळ नाही म्हणे, किंवा कारण समजावून सांगे आणि मग तो स्वतःच नाही म्हणे. कुणी विचारलं की हे कुठे शिकलात, तर मी म्हणे, आमचं घराण्याचं ज्ञान आहे. ऐकणाऱ्याला वाटे, बापाकडून आलं. मी कधी कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

तीन-चार वर्षांनी बंदुकीच्या आतली ढिली पडलेली कमान बदलायला भागाबाई दुकानात आली. जुलेखानं तिला आत नेऊन पानसुपारी दिली. त्या दोघींचं तेव्हापासून सूत जमलेलं होतं. ती निघताना मी धीर करून म्हणालो की बाई, त्या दिवशी साहेबापुढे मी खोटं बोललो, कडी तुमच्या डोक्यातून निघाली, तुम्ही म्हणाल तर मी आता लोकांना सांगतो. तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?

ती बंदूक फडक्यात गुंडाळत होती. हात न थांबवता म्हणाली, "कशी बोलू? तो कागद कोराच होता ना अजून. बाईच्या अकलेची बंदूक हाय म्हटलं असतं, त साहेबानं ते पाच बारही थट्टेवारीच नेले असते. तुले ते ठावं होतं, इमामभाई."

मला ठाऊक होतं. ती तोंड उघडू शकत नाही हे दिसत असतानाच मी पुढे झालो होतो.

"मले परवाना पायजे होता," ती म्हणाली. "नाव तुले राहू दे."

मी ते राहू दिलं. लोकांना सांगतो म्हणालो होतो, तेही सांगितलं नाही. पुढे तिचा परवाना तिच्या मुलीच्या नावे झाला, बाई गेली, माझी जुलेखाही गेली, आणि इमामकडी इमामचीच राहिली. कडी मी घडवली, घासली, तोलली. त्यातला लोखंडाचा कण न् कण माझ्या हातचा होता आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. पण पुढे वजन हवं, हे मला भागाबाई पाटलीण हिनं सांगितलं. एवढं एक वाक्य होतं. ते तिच्यासमोर, साहेबाच्या तोंडावर, त्या सोमवारी, निदान कागदावर तिचं नाव पडल्यावर तरी बोलायला हवं होतं.